डायटमची नवी प्रजाती कशी ओळखायची: मुंबईत राहून सुरुवात करणाऱ्यांसाठी

ओढ्यातल्या दगडावर पाय घसरतो ना, तो जो तपकिरी बुळबुळीत थर असतो त्यात बहुतेक वेळा डायटमच भरलेले असतात. एकपेशीय शैवाल, पण पेशीभोवती सिलिकाचं म्हणजे काचेचंच कवच, आणि त्या कवचावर इतकी बारीक नक्षी की एकेकाळी मायक्रोस्कोपची लेन्स चांगली की वाईट हे लोक डायटमची स्लाइड लावून ठरवायचे. जगात यांच्या प्रजाती किती याचा अंदाज ३० हजारांपासून १ लाखापर्यंत जातो आणि नावं मिळालेल्या त्यातल्या थोड्याच, त्यामुळे "मला नवीन सापडेल का" याचं उत्तर सोपं आहे, सापडेल, कदाचित सापडलेलीही असेल आणि तुम्ही तिला पुस्तकातलं कुठलंतरी युरोपियन नाव चिकटवून पुढे गेला असाल. अवघड आहे ते सिद्ध करणं.

सिद्ध करायचं तर एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्की हवी. ज्या कवचाचे फोटो तुम्ही दाखवणार आहात, डीएनए पण त्याच पेशीचा किंवा तिच्याच वंशातला पाहिजे. दगडावरच्या एका चिमूटभर थरात वीस-तीस प्रजाती आरामात असतात, त्यामुळे "सॅम्पलमधून डीएनए काढला आणि सॅम्पलमधलेच फोटो काढले" याला काही अर्थ नाही, कुठला डीएनए कोणाचा हे कोण सांगणार? खाली जे काही लिहिलंय ते बघायला गेलं तर ही एक साखळी कशी तुटू द्यायची नाही याबद्दलच आहे.

आधी नेहमीचे ओळखता यायला हवेत

सुरुवातीचे काही महिने नवीन-बिवीन विसरा. जवळचं कुठलंही तळं, बागेतलं कमळाचं टाकं, गच्चीवरची टाकी ओव्हरफ्लो होऊन भिंतीवर जो ओला पट्टा पडतो तो, काहीही चालेल, स्लाइड बनवा आणि जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, ओळखायला शिका. गोल ते सेंट्रिक, लांबट ते पेनेट. कवचाचे दोन भाग असतात, त्या प्रत्येकाला झडप म्हणतात. पेनेटमध्ये झडपेवर बऱ्याचदा एक लांब चीर असते तिला राफे म्हणतात, ती आहे की नाही, एकाच झडपेवर आहे की दोन्हींवर, मधून जाते की काठाला सरकलीये, एवढ्यावर निम्मं काम होतं. गोम्फोनेमाचं एक टोक जाड आणि एक निमुळतं, सिम्बेला एका बाजूला वाकलेला, निट्शियाची राफे काठावर, नॅविक्युलाची मधोमध. हे डोळ्यात बसलं की मग रेघांकडे वळायचं. झडपेवर ज्या आडव्या रेघा दिसतात त्या स्ट्राया, आणि त्या रेघा म्हणजे छोट्या छोट्या छिद्रांच्या ओळी, त्या छिद्रांना एरिओली म्हणतात. १० मायक्रॉनमध्ये किती स्ट्राया बसतात हा आकडा तुम्हाला आयुष्यभर पुरणार आहे.

अजून एक गोष्ट नवख्यांना हमखास फसवते म्हणून इथेच सांगतो. डायटमचं कवच म्हणजे पोळ्यांचा डबा आणि त्याचं झाकण. पेशी विभागली की दोन्ही भाग झाकण होतात आणि प्रत्येकजण आत नवीन डबा बनवतो, म्हणजे जुन्या डब्याचं झाकण झालं की त्याच्या आतला नवीन डबा आणखी लहान. असं पिढ्यानपिढ्या चालतं आणि एकाच प्रजातीच्या पेशी लहान लहान होत जातात, मग एका मर्यादेखाली आल्या की लैंगिक प्रजनन होऊन ऑक्झोस्पोर बनतो आणि आकार परत मोठा होतो. मॅकडोनाल्ड आणि फिट्झर या दोघांनी १८६९ मध्ये हे वेगवेगळं मांडलं. आता अडचण अशी की लांबी जितकी कमी होते तितकी रुंदी होत नाही, त्यामुळे मोठी पेशी सडपातळ, टोकं छान बाहेर आलेली, आणि तिचीच लहान पेशी गिड्डी, बोथट, जवळजवळ लंबगोल. दोघींना शेजारी ठेवलं तर कोणीही वेगळ्या प्रजाती म्हणेल. किती "नवीन प्रजाती" अशा नुसत्या बुटक्या पेशी असतात याला गणती नाही. म्हणून एक सुंदर पेशी दिसली की उड्या मारू नका, त्या आकाराच्या आधीच्या आणि नंतरच्या पेशी शोधा, पूर्ण मालिका लावा.

कुठे जायचं आणि कोणाला विचारून

मिठी किंवा दहिसर नदी शहरातून वाहते त्या भागात जाऊन नवीन प्रजातीची आशा धरू नका, तिथे सांडपाणी सहन करणारी मंडळी जास्त असणार, निट्शिया पॅलिया, गोम्फोनेमा पार्व्हुलम वगैरे. गंमत अशी की ही दोन नावंसुद्धा एकेक प्रजाती नाहीयेत, डीएनए बघितला की आत बरेच वंश निघतात, पण ते सोडवणं नवख्याचं काम नाही. शिवाय खाली खाडीचं पाणी भरतीला आत येतं आणि समुद्री डायटम पण घेऊन येतं, गोड्या पाण्यातलं म्हणून जे उचलाल ते गोड्यातलंच आहे का हेच कळायचं नाही. कंडक्टिव्हिटी मीटर, म्हणजे पाण्यात क्षार किती ते सांगणारं यंत्र, जवळ असेल तर हा घोळ जागेवरच मिटतो.

चांगल्या जागा म्हणजे कमी पोषकद्रव्यांचं, स्वच्छ, थोडं विचित्र पाणी. झिरपणाऱ्या कातळाच्या भिंती, ओलं शेवाळ, सड्यावरची पावसाळी डबकी, कर्जत, माळशेज, इगतपुरीकडचे वरचे ओढे. नॅशनल पार्कात कान्हेरीच्या बाजूला ओले कातळ आहेत पण तिथून चमचाभर सॅम्पल उचलायला सुद्धा वन विभागाची लेखी परवानगी लागते, "शेवाळच तर आहे" हे तिथे चालत नाही आणि चालूही नये. विहार आणि तुळशी पालिकेचे पाणीपुरवठ्याचे तलाव आहेत, तिथे पण असंच जाता येत नाही. पवईला जाता येतं, फक्त काठावर जलपर्णीत हात घालायच्या आधी पाण्यात मगरी आहेत हे लक्षात ठेवा, मस्करी नाही करत. आणि पावसाळ्यात, हातापायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही, लेप्टो काय असतो हे मुंबईकराला सांगायला नको. गमबूट, ग्लोव्हज घाला.

वेळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी धरा. जोराच्या पावसात दगड खरवडून निघतात, पूर ओसरल्यावर प्रवाह दोन-चार आठवडे स्थिर राहिला की थर परत नीट जमतो.

सॅम्पल घेताना

दगड पाण्यातून उचला, पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवा, त्याच ओढ्याचं थोडं पाणी घाला आणि टूथब्रशने घासा. ब्रश प्रत्येक जागेला नवीन. दहा रुपयांचा ब्रश वाचवायला म्हणून आदल्या ओढ्यातला वापरलात तर आदल्या ओढ्याचे डायटम या ओढ्यात "सापडतील", आणि कवचं केसांमध्ये अशी अडकतात की धुऊनही जात नाहीत. झाडाच्या मुळांवरचे, शेवाळावरचे, चिखलावरचे वेगवेगळ्या बाटल्यांत घ्या, कारण कोण कशावर राहतं ही पण माहिती आहे.

मग त्याचे तिथेच तीन भाग करायचे. एक जिवंत, काही न घालता, बाटली अर्धी रिकामी ठेवून बर्फाच्या डब्यात. दुसरा डीएनएसाठी इथेनॉलमध्ये, घातल्यावर इथेनॉल ७० टक्क्यांच्या खाली राहता कामा नये. तिसरा कवचांसाठी, तोही इथेनॉलमध्ये चालतो. बाटलीवर पेन्सिलने लिहा किंवा आत कागदाचा तुकडा टाका, मार्करची शाई इथेनॉलने पुसते आणि मग सगळ्या बाटल्या अनामिक. तारीख, जीपीएस, पाण्याचं तापमान, पीएच, कंडक्टिव्हिटी, दगड कसला, ऊन की सावली, सगळं वहीत. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये बर्फाचा डबा मांडीवर घेऊन उभ्या लोकांच्या शिव्या खाव्या लागतात, पण जिवंत सॅम्पल त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलंच पाहिजे, त्याला इलाज नाही.

जिवंत बघा, मग वेगळं करा

बरेच जण थेट ॲसिडने साफ करून रिकामी कवचं बघतात. मला हे पटत नाही. एक तर रिकामं कवच वरून वाहत आलेलं असू शकतं, ती पेशी तिथे राहत होती याचा पुरावा नाही. आणि दुसरं, क्लोरोप्लास्ट. सेलाफोरामध्ये एकच, इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचा, नॅविक्युलामध्ये दोन, दोन्ही बाजूंना एकेक पट्टी, निट्शियामध्ये दोन पण दोन टोकांना. साफ केलेल्या स्लाइडवर ही माहिती कायमची गेली.

आता साखळीतली सगळ्यात महत्त्वाची कडी. एका पेशीपासून कल्चर बनवायचं, म्हणजे तिचीच पिलावळ लॅबमध्ये वाढवायची. काचेचं पाश्चर पिपेट बर्नरवर तापवून ओढलं की टोक केसासारखं बारीक होतं, इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखाली त्याने एक पेशी उचला, स्वच्छ मीडियाच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक पाण्याच्या, थेंबात सोडा, परत उचला, परत दुसऱ्या थेंबात, असं चार-पाच वेळा केलं की सोबतचे बाकीचे सुटतात. मग ती एकटी पेशी मल्टिवेल प्लेटच्या एका खणात. हाताला सवय होईपर्यंत चिडचिड होते. हात अगदीच थरथरत असेल तर पातळ करत जायची पद्धत आहे, सॅम्पल इतकं पातळ करायचं की एका खणात सरासरी एकपेक्षा कमी पेशी पडेल.

मीडिया गोड्या पाण्याचा घ्या, डब्ल्यूसी मीडिया सगळ्यात वापरातला आहे, एफ बाय टू समुद्री डायटमसाठी, तो उचलू नका. सिलिकेट घातलंय ना हे दोनदा बघा, त्याशिवाय कवच बनत नाही आणि पेशी विभागत नाही. तापमान २० अंशांच्या आसपास, उजेड १२-१४ तास आणि बाकी अंधार. मुंबईच्या मे महिन्यात खोलीतल्या शेल्फवर हे जमणार नाही, इन्क्युबेटर किंवा चोवीस तास एसी असलेली खोली मिळवा.

बऱ्याच प्रजाती कल्चरमध्ये येतच नाहीत, हे आधीच मान्य करून ठेवा. न येणाऱ्यांसाठी दुसरा रस्ता म्हणजे एक पेशी पकडायची, तिचे भरपूर फोटो काढायचे आणि त्याच पेशीवर थेट पीसीआर, म्हणजे तिच्या डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती बनवणं. फोटो आणि सिक्वेन्स (डीएनएतल्या अक्षरांचा क्रम) एकाच पेशीचे, साखळी शाबूत, फक्त दुसरी संधी नसते. आणि कल्चर आलं तर फार दिवस ठेवून मग काम सुरू करायचं नाही, वर सांगितलं तसं आकार घटत जातो, पेशी वाकड्यातिकड्या होतात, आणि वाकड्या पेशीचं वर्णन लिहिलंत तर निसर्गात ती कोणालाच सापडणार नाही. कल्चर दाट झालं की लगेच दोन भाग, एक डीएनएला, एक कवचाला, दोन्हींवर एकच नंबर.

कवच साफ करणं

३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये सॅम्पल गरम करायचं, सेंद्रिय सगळं जळून जातं आणि सिलिका उरते. हे फ्यूम हूडमध्येच, गॉगल आणि ग्लोव्हज घालून, पेरॉक्साइड थोडं थोडं घालत. इथेनॉलमधलं सॅम्पल आधी डिस्टिल्ड पाण्याने तीन-चार वेळा धुवायचं, इथेनॉल उरलेलं असताना गरम पेरॉक्साइड ओतलंत तर स्फोट होऊ शकतो. प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकल मिळतं म्हणून घरच्या गॅसवर हा उद्योग करू नका, कॉलेजची लॅब गाठा. पाण्यात चुना असेल तर थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून तो काढा. सल्फ्युरिक वापरणार असाल तर हे आधी करायलाच हवं, नाहीतर जिप्समचे स्फटिक बनतात आणि स्लाइडभर सुया दिसतात.

मग धुणं. रात्रभर बसू द्या, वरचं पाणी हळूच काढा, नवीन डिस्टिल्ड पाणी घाला, पीएच न्यूट्रल होईपर्यंत हेच. सेंट्रिफ्यूज जोरात फिरवलं तर लांब कवचं तुटतात. शेवटी पातळ केलेला थेंब कव्हरस्लिपवर ठेवून न हलवता वाळू द्यायचा, पंखा बंद, आणि नॅफ्रॅक्स नावाच्या राळेसारख्या पदार्थात माउंट करायचं. कॅनडा बाल्समवर वेळ घालवू नका. डायटमच्या सिलिकाचा अपवर्तनांक १.४३ च्या जवळ, काचेचा आणि बाल्समचा १.५ च्या आसपास, फरक कमी म्हणून नक्षी पुसट दिसते, नॅफ्रॅक्सचा १.७ च्या आसपास असल्याने रेघा उठून येतात. उरलेलं साफ मटेरियल फेकू नका, ते पुढे एसईएमला (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) लागणार आणि त्याहून पुढे हर्बेरियमला, म्हणजे वनस्पतींचे नमुने जपणाऱ्या संग्रहाला.

मोजणं

१००एक्स ऑइल लेन्स, आणि मोजायच्या आधी स्टेज मायक्रोमीटरने, म्हणजे बारीक मापं कोरलेल्या स्लाइडने, कॅमेरा कॅलिब्रेट. कमीत कमी तीस झडपा मोजा, पण तीस एकसारख्या नाहीत, सगळ्यात मोठीपासून सगळ्यात लहानपर्यंत. लांबी, रुंदी, १० मायक्रॉनमध्ये स्ट्राया, मधला मोकळा भाग कसा, टोकं कशी, स्टिग्मा म्हणजे मधल्या भागातलं ते सुटं छिद्र आहे का, असलं तर किती आणि कुठल्या बाजूला. आकार घटला तरी स्ट्रायांची घनता फारशी बदलत नाही, म्हणून तिच्यावर लांबीपेक्षा जास्त विश्वास ठेवा. कल्चरमधल्या झडपा आणि निसर्गातल्या झडपा वेगळ्या टेबलात, मिसळायच्या नाहीत.

साध्या मायक्रोस्कोपची मर्यादा ०.२ मायक्रॉनच्या आसपास. १० मायक्रॉनमध्ये ४० स्ट्राया असतील तर दोन रेघांत पाव मायक्रॉनच अंतर, म्हणजे तुम्ही काठावर आहात, तिथे आकडा ओढूनताणून लिहू नका, एसईएमवर सोडा. पवईच्या आयआयटीत साईफ म्हणून सुविधा आहे, बाहेरच्या संशोधकांनाही फी भरून वापरता येते, स्लॉट आधी बुक करावा लागतो. स्टबवर, म्हणजे एसईएममध्ये ठेवायच्या धातूच्या छोट्या चकतीवर, झडपा पातळ पसरा, एकावर एक पडल्या तर काही दिसत नाही, वर सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा थर देतात. ऑपरेटरला डायटम माहीत असेलच असं नाही, त्यामुळे काय काय हवंय याची यादी हातात ठेवा: बाहेरून पूर्ण झडप, आतून पूर्ण झडप, राफेची मधली टोकं आतून आणि बाहेरून, राफेची शेवटची टोकं, एरिओली मोठ्या करून, टोकावरचे छिद्रांचे पट्टे, गर्डल बँड म्हणजे दोन झडपांमधल्या पट्ट्या. आतल्या बाजूचा फोटो विसरतात बरेच जण आणि मग परत फी भरतात.

टोकावरचे छिद्रांचे पट्टे किरकोळ वाटतात ना? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या लोकांनी इंडिकोनेमा नावाचा नवा जीनसच उभा केला, त्यात मुख्य मुद्दा हाच, की गोम्फोनेमाच्या या नातेवाइकात छिद्रांचे पट्टे पायाकडच्या टोकाला तर आहेतच पण डोक्याकडच्या टोकालाही आहेत.

डीएनए

कल्चरचा दुसरा भाग. काचेचं कवच फोडायला बारीक मण्यांसोबत हलवणं बरं, मग साधा किट चालतो. जीन कुठला? सुरुवात आरबीसीएलने करा. क्लोरोप्लास्टमधला, डायटममध्ये यावरच सगळ्यात जास्त तुलना उपलब्ध, जवळच्या प्रजाती वेगळ्या करायला बऱ्यापैकी चांगला, आणि प्रोटीनचा कोड असल्याने अलाइनमेंट (सिक्वेन्स एकाखाली एक जुळवणं) जवळजवळ आपोआप बसते. १८एस न्यूक्लियसमधला, तो हळू बदलतो, जीनस कुठे बसतो हे सांगायला छान, पण सख्ख्या बहिणी त्यात एकसारख्या दिसू शकतात. आयटीएसही न्यूक्लियसमधला पण उलट, फार भराभर बदलतो, एकाच पेशीत वेगवेगळ्या प्रती असू शकतात, क्लोनिंग करावं लागतं. दोन जीन तरी हवेत, एक क्लोरोप्लास्टचा आणि एक न्यूक्लियसचा, कारण एका जीनचं झाड, म्हणजे सिक्वेन्सवरून काढलेली वंशावळ, त्या जीनचा इतिहास सांगतं.

पीसीआर झालं, जेलवर एक स्वच्छ बँड दिसला, सिक्वेन्सिंगला दोन्ही दिशांनी पाठवा. आलेली फाइल थेट ब्लास्टमध्ये (जुळणारे सिक्वेन्स शोधून देणारं साधन) टाकायची नाही, आधी क्रोमॅटोग्राम, म्हणजे प्रत्येक अक्षराचं शिखर दाखवणारा आलेख, उघडा. आरबीसीएलमध्ये जागोजागी दोन-दोन पीक एकावर एक दिसत असतील तर तुमचं कल्चर एका पेशीचं नाही, मागे जा. नंतर ११ नंबरच्या (क्लोरोप्लास्टच्या) जनेटिक कोडने प्रोटीनमध्ये भाषांतर करून बघा, मध्येच स्टॉप कोडॉन आला तर कुठेतरी बेस चुकलाय.

ब्लास्टमध्ये ९९ टक्के जुळलं आणि समोर नाव आलं की लोक खूश होतात. ते नाव ज्याने सिक्वेन्स टाकला त्याने लिहिलंय, जेनबँकमध्ये, म्हणजे सिक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यात, ते कोणी तपासलेलं नसतं आणि डायटममध्ये चुकीची नावं भरपूर आहेत. त्या सिक्वेन्सच्या मागे फोटो आहे का, व्हाउचर म्हणजे जपून ठेवलेला नमुना आहे का, पेपर आहे का ते बघा. डायट बारकोड नावाची तपासलेली आरबीसीएल लायब्ररी आहे, तिच्यापासून सुरुवात करा. झाड बनवायला माफ्टने अलाइन, मग आयक्यू-ट्री किंवा मिस्टर बेज, सगळं फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. आउटग्रुप, म्हणजे तुलनेसाठी घेतलेला गटाबाहेरचा नातेवाईक, विचार करून निवडा, आणि फांदीवरचा बूटस्ट्रॅप, म्हणजे ती फांदी किती भरवशाची याचा आकडा, बघितल्याशिवाय तिच्याबद्दल वाक्य लिहू नका. "किती टक्के फरक म्हणजे नवीन प्रजाती" असं प्रत्येकजण विचारतो. असा एक आकडा नाही, जीनसप्रमाणे बदलतो, तुमच्याच गटातल्या मान्य प्रजातींत आपापसात किती फरक आहे ते काढा आणि त्याच्याशी ताडून बघा.

मेटाबारकोडिंगवाल्यांना, म्हणजे अख्ख्या सॅम्पलचा डीएनए एकदम वाचणाऱ्यांना, एवढंच, पाण्यातून ३१२ बेसचा कुठेच न जुळणारा तुकडा मिळाला म्हणजे प्रजाती सापडली असं होत नाही, त्याला कवच जोडलेलं नाही.

जुनी नावं नाकारणं, हेच खरं काम

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. नवीन म्हणायचं तर जवळची सगळी आधीची नावं एकेक करून का बसत नाहीत ते दाखवावं लागतं. अल्गीबेस आणि डायटमबेस या नावांच्या ऑनलाइन याद्यांवर जीनसमधली नावं काढा, मग मूळ वर्णनं मिळवा, मूळ म्हणजे मूळ, नंतरच्या पुस्तकात उतरवलेलं नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं जर्मन फ्लोरा, म्हणजे तिकडची ओळखीची पुस्तकं, समोर ठेवून सह्याद्रीतले डायटम त्या नावांत कोंबले गेलेत, आणि उलटा रोग पण आहे, फक्त युरोपियन पुस्तकं बघायची, त्यात नाही म्हणजे नवीन. भारतात आधी काम झालंय की! एच. पी. गांधींनी गेल्या शतकाच्या मध्यावर पन्हाळा, मुंबई-साष्टी, गुजरात, कर्नाटक अशा कितीतरी ठिकाणचे गोड्या पाण्यातले डायटम तपासून नव्या प्रजाती लिहून ठेवल्यात. तुम्ही पवईत काहीतरी वेगळं बघून हुरळून जाल आणि ते त्यांनी आपल्या बापजाद्यांच्या काळात चित्र काढून नाव देऊन ठेवलेलं असेल. त्यांच्या पेपरांत रेखाचित्रं आणि मापं आहेत. एसईएम बाजारात आलं १९६५ मध्ये, त्यामुळे छिद्रांची माहिती नाही, डीएनएचा तर प्रश्नच नाही. अशा वेळी टाइप स्लाइड, म्हणजे ज्या नमुन्यावरून नाव दिलं ती मूळ स्लाइड, बघायला मिळते का विचारायचं, नाही मिळाली तर ज्या जागेवरून त्यांनी घेतलं तिथूनच परत गोळा करायचं आणि आधुनिक माहिती जोडायची. मुंबईत राहण्याचा हा फायदा आहे, त्या जागा लोकलच्या अंतरावर आहेत, फक्त आता तिथे ओढा उरलाय की टॉवर हे बघावं लागेल. आणि माझं मत विचाराल तर जुन्या प्रजातीला डीएनए मिळवून देणं हे नव्या नावाइतकंच, कदाचित जास्तच उपयोगी काम आहे, त्यावर पेपरही होतो.

कवच आणि डीएनए भांडायला लागले तर

दोन्ही वेगळं म्हणत असतील तर प्रश्नच नाही. डीएनए वेगळा आणि कवच सारखं असेल तर परत मोजा, शंभर झडपा मोजा, आकडेवारीत आकाराचं विश्लेषण करा, बऱ्याचदा डोळ्याला न दिसणारा फरक बाहेर येतो. सेलाफोरा प्युप्युलाची गोष्ट वाचण्यासारखी आहे. पुस्तकात एकच प्रजाती, रूपं बदलणारी. डेव्हिड मान आणि सहकाऱ्यांनी आकाराचं गणित, एसईएम आणि कोण कोणाशी प्रजनन करतं याचे प्रयोग एकत्र करून २००४ मध्ये त्यातून पाच नव्या प्रजाती वेगळ्या केल्या, त्यातल्या एकीचं नाव एडिंबरा शहरातल्या ब्लॅकफर्ड तळ्यावरून आहे. शहरातलं साधं तळं, बदकं असतात तसलं.

कवच वेगळं पण डीएनए सारखा आला तर जास्त सावध राहा. आकाराच्या मालिकेतली दोन टोकं असू शकतात, जड धातूंमुळे बिघडलेली कवचं असू शकतात, किंवा जीनच हळू बदलणारा घेतला असेल. दुसरा जीन लावा, दुसऱ्या महिन्यात परत सॅम्पल घ्या. आणि एकाच कल्चरवर, एकाच सिक्वेन्सवर नवीन प्रजाती कधीच लिहू नका, दोन-तीन तरी वेगळी कल्चर हवीत, शक्यतो दोन जागांची.

नाव आणि कागदपत्रं

नाव शैवाल, बुरशी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे. १ जानेवारी २०१२ पासून वर्णन लॅटिन किंवा इंग्रजी, कुठल्याही एका भाषेत चालतं, त्याआधी लॅटिनच लागायचं. मराठीत नाही चालत, काय करणार. जीनसचं लिंग बघून शेवट लावायचा, म्हणजे जागेवरून नाव ठेवलं तर नॅविक्युला स्त्रीलिंगी म्हणून "एन्सिस", गोम्फोनेमा नपुंसक म्हणून "एन्से". स्वतःचं नाव स्वतःच्या प्रजातीला द्यायला नियमात बंदी नाही पण देऊ नका, लोक हसतात.

होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला बांधलेलं असतं तो नमुना, एक ठरवायचा, साधारणपणे स्लाइड, आणि त्यावर नेमकी कुठली झडप ते डायमंड मार्करने गोल करून. तो नोंदणीकृत हर्बेरियममध्ये जमा करायचा आणि हर्बेरियमचं नाव पेपरमध्ये लिहायचं, तुमच्या कपाटात ठेवलेली स्लाइड चालत नाही. पुण्याच्या आघारकरला हर्बेरियम आहे, धोबीतलावच्या सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, पेपर पाठवायच्या आधी तिथे बोलून नंबर घ्या. जिवंत वाढणारं कल्चर टाइप होऊ शकत नाही, खोल गोठवून निष्क्रिय केलेलं असेल तर होऊ शकतं. साफ केलेलं मटेरियल, इथेनॉलमधलं सॅम्पल, एसईएमचा स्टब, सगळं सोबत जमा करा आणि सिक्वेन्स जेनबँकमध्ये टाकताना त्यात व्हाउचरचा तोच नंबर लिहा.

२००२ च्या जैवविविधता कायद्याचं कलम ३९ वाचून ठेवा, नवीन प्रजाती सापडली तर नेमून दिलेल्या संग्रह संस्थेला कळवणं आणि नमुना जमा करणं बंधनकारक आहे. सॅम्पल परदेशातल्या सहकाऱ्याला पाठवायचं असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी बघा, पाकीट कुरियरला देऊन झाल्यावर नाही. फायटोटॅक्सा, डायटम रिसर्च, फायकोलॉजिया अशा जर्नल्समध्ये हे पेपर जातात. पाठवताना टाइपची जागा जीपीएससकट, सगळ्या मापांचं टेबल, जवळच्या प्रजातींशी तुलनेचं टेबल, झाड, एलएम (साधा मायक्रोस्कोप) आणि एसईएमच्या फोटोंच्या प्लेट्स, प्रत्येक प्लेटवर स्केल बार आणि प्रत्येक फोटोखाली तो कल्चरचा आहे की ओढ्यातला. फायकोबँकमध्ये, म्हणजे शैवालांच्या नव्या नावांच्या नोंदवहीत, नाव नोंदवायचं पेपर स्वीकारला गेल्यावर, छापून यायच्या आधी करून टाका, कारण तो नंबर पेपरमध्येच छापायचा असतो.